स्वल्पविराम नेमका कुठे?

तुकोबांचे अभंग लिहून ठेवणाऱ्या संताजी जगनाडे महाराजांची समाधी याच सुदुंबऱ्यात आहे. तेव्हा लिहून ठेवण्याचं मोल इथे वेगळं सांगायला नको. आज आपण आकड्यांच्या नोंदीकडे पाहू.

सव्वा लाख आपण १,२५,००० असे लिहितो, अमेरिकेत १२५,००० लिहितात. संख्या तीच. पण हजाराच्या पुढे आपल्याकडे शंभरपटीला नवं नाव येतं : लाख, कोटी. म्हणून उजवीकडून आधी तीन अंक, मग दोन-दोन. त्यांच्याकडे हजारपटीला नाव बदलतं. म्हणजे बघा, हा स्वल्पविराम गणिताचा नाही, भाषेचा आहे.

संगणकाला हे आपोआप कळत नाही. युनिकोडच्या ‘सीएलडीआर’ या संग्रहात भाषावार नियम नोंदलेले असतात. तिथे मराठीसाठी देवनागरी अंक मूळ धरले आहेत, हिंदीसाठी इंग्रजी. नोंदच नसेल, तर यंत्र सरसकट तीन-तीन अंकांचे गट पाडतं.

आणि जर्मनीत १.२५० म्हणजे साडेबाराशे. आपण वाचणार सव्वा! नियम न सांगता रक्कम पाठवली, तर ती हजारपटीने बदलते. म्हणून आपला नियम आपणच नीट लिहून द्यायला हवा. नाहीतर यंत्र दुसऱ्याचा लावेल.