घरचे वायफाय : डबे नव्हे, भिंती मोजा

आपल्या अनेक कारागीर बंधूंचे खाली कारखाना, वर बिऱ्हाड असते. ऑर्डर, नमुन्याचे फोटो, यूपीआयचे पैसे सारे मोबाईलवर येते. वरच्या मजल्यावर इंटरनेट तुटले की गिऱ्हाईक दुसरीकडे वळते.

मेश राउटर हा त्यावर उपाय आहे. एक डबा मोडेमला जोडायचा, बाकीचे घरात ठेवायचे. नेटवर्क मात्र एकच.

खरेदीपूर्वी आम्ही एवढेच सुचवू. आधी जुना राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवून पाहा; यात खर्च नाही. तरीही भागले नाही तर दोन डब्यांचा संच पुरतो का ते तपासा. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण जाड भिंत व स्लॅबपुढे लवकर थकते. म्हणून दुसरा डबा सिग्नल नसलेल्या खोलीत नव्हे, अर्ध्या वाटेवर ठेवावा. डबे लॅन केबलने जोडता आले तर सर्वांत भरवशाचे. नाहीतर तीन बँडचा संच पाहावा. डब्ल्यूपीए३ सुरक्षा आहे का आणि कंपनी किती वर्षे अपडेट देणार, हे दुकानदाराला विचारावे. वीज गेली की सगळे डबे बंद पडतात, तेव्हा छोट्या यूपीएसचा खर्चही हिशेबात धरावा.

गरजेपुरते घ्यावे, जास्तीचा डबा म्हणजे इस्राफच.