शौकाचं मोल कोण देतो?

बिरबलनाथ महाराजांच्या या मंगरूळपीर नगरीत सांगतो, आपल्या वऱ्हाडात पटाचा शौक लई जुना. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या. डिसेंबर 2021 मध्ये अटींवर परवानगी मिळाली, मे 2023 मध्ये घटनापीठाने कायदा कायम ठेवला. शंकरपट पुन्हा भरू लागले, बैलांच्या किमती लाखांत गेल्या.

आता हिशेब पाहा. नांगराचा बैल कडबा-कुटार खाऊन घरादाराला पोसतो. पटाच्या बैलाला घरादाराने पोसायचं! सरकीची ढेप, दूध, गाडीभाडं, प्रवेश फी. आणि धाव काही सेकंदांची. बैलावर माया करावी, पोळ्याला त्याला पूजावं. पण त्यापायी बायकोची पोत गहाण पडली, लेकराची फी थकली, सोयाबीनचं बियाणं उधारीवर आणावं लागलं, तर शौक तुमचा आणि मोल त्यांचं.

धर्मराजाहून सज्जन कोण? त्यालाही फाशांचा छंद. राज्य गेलं, भाऊ गेले, स्वतः हरला, मग द्रौपदी पणाला लावली. भर सभेत विटंबना कोणाची झाली? जिने फासा हातातही धरला नव्हता, तिची!

म्हणून खूण ओळखा. खर्च घरात मोकळेपणी सांगता येतो तोवर तो शौक. लपवावा लागला की व्यसन. आणि छंदच लावायचा तर नामाचा लावा. त्याला ढेप लागत नाही, अन् त्याची किंमत घरच्यांना मोजावी लागत नाही.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!