पुढच्या वर्षी नक्की!

‘पुढच्या वर्षी नक्की!’ हे तीन शब्द आपल्याकडे किती मैत्रिणींच्या भेटींवर उठले असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. तो मांडलाच, तर पहिली गुन्हेगार मीच ठरेन.

बी. ए.ला आम्ही चौघी एका बाकावरच्या. लग्ने झाली, चौघींची तोंडे चार दिशांना गेली. पण एकदा मिळून माथेरानला जायचे, हे ठरलेले होते. एका वर्षी माझी एम. ए.ची परीक्षा आली, मग एकीचे बाळंतपण, मग कोणाच्या सासऱ्यांच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन. कारणे सगळी खरी होती आणि तेच वाईट! खोट्या कारणावर निदान भांडता तरी येते. अकराव्या वर्षी आमच्यातली एक आजारपणात गेली. तिच्या तेराव्याला उरलेल्या आम्ही तिघी प्रथमच एकत्र जमलो.

म्हणूनच माझ्या चार जुन्या विद्यार्थिनींचा गेल्या जानेवारीत फोन आला, “बाई, आम्ही माथेरानला भेटतोय, तुम्हीही या,” तेव्हा मी आधी ‘हो’ म्हटले आणि मग घरात सांगितले.

एक नाशिकची, एक पुण्याची, एक ठाण्याची, एक कोल्हापूरची. वये सत्तावीस-अठ्ठावीस. नेरळला त्या छोट्या गाडीत बसलो. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधलेली ही गाडी १९०७ साली सुरू झाली. रूळ अवघे दोन फूट रुंद; एकवीस किलोमीटर चढायला दोन तासांहून अधिक वेळ! एरवी मी कंटाळले असते. पण पाच वर्षांचे साठलेले बोलणे संपवायला त्या मुलींना ती गाडीसुद्धा घाईचीच वाटली.

संध्याकाळी मुक्कामाच्या अंगणात, तांबड्या मातीत, त्यांनी फुगडी धरली. मला माझ्या आईची मंगळागौर आठवली. त्या काळी श्रावणातल्या मंगळवारी नव्या सुना माहेरी येत, मैत्रिणी जमत आणि झिम्मा-फुगड्यांत रात्र जागे. देवीचे नाव होते, म्हणून कोणाची हरकत नसे. नुसत्या मैत्रीच्या नावावर रात्र मागायची, तर अजूनही जीभ अडखळते!

रात्री नऊला कोल्हापूरहून फोन आला. मुलाला ताप. ती उठली, मुकाट्याने पिशवी भरू लागली. माथेरानात मोटारींना बंदी. दस्तुरी नाक्यापर्यंत अंधारात चालायचे. ‘थांब’ असे कोणी म्हटले नाही. नाशिकची म्हणाली, “चल, पोचवतो,” आणि आम्ही पाचहीजणी बॅटरी घेऊन निघालो.

अर्ध्या वाटेवर पुन्हा फोन वाजला. तिचे यजमान होते. “औषध दिलंय, ताप उतरलाय, झोपलाय तो. मी आहे ना इथे! तू उद्याच ये.”

ती रस्त्याकडेच्या दगडावर बसली आणि रडायला लागली. मला वाटले, सुटकेने. डोळे पुसत म्हणाली, “बाई, माझ्यावाचून एक रात्र चालतं, हे मला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. मीही कधी विचारलं नाही.”

मी काही बोलले नाही. आमच्या अकरा वर्षांतली किती कारणे अशीच, न विचारता, आम्ही आपणहून पत्करली होती, कोण जाणे!

घरी येताच मी माझ्या दोघींना फोन लावला. एक म्हणाली, “अगं, पुढच्या वर्षी—” मी तिला वाक्य पुरे करू दिले नाही. तुळशीच्या लग्नानंतरचा रविवार ठरला आहे.

गणपतीला आपण पुढच्या वर्षी ‘लवकर’ यायला सांगतो. मैत्रिणींना मात्र नुसतेच ‘पुढच्या वर्षी’! फराळाच्या गडबडीतून दोन मिनिटे काढा, भगिनींनो. एक फोन कराच. आणि तारीख ठरल्याशिवाय खाली ठेवू नका.