दयाळ आणि तिवर

दयाळ पक्ष्याची तिवराच्या झाडाशी तुलना करायला निघालेल्याला कोणीही वेड्यात काढील. एक गाणारा, उडणारा. दुसरे चिखलात पाय रोवून उभे. पण कोकणात खाडीकाठी ही दोघे हाकेच्या अंतरावर आढळतात, आणि लेकरे जगवायची कशी हा प्रश्न दोघांपुढेही आहे.

उन्हाळ्याच्या तोंडी दयाळ भल्या पहाटे शेंड्यावर बसून शीळ घालतो. तिला आपण गाणे म्हणतो. वस्तुतः ती हद्दीची दवंडी असते. ढोलीत किंवा भिंतीच्या भोकात मादी बहुधा ३ ते ५ अंडी घालते आणि एकटीच उबवते. पिले आंधळी, पिसांविना जन्मतात व आईबापांनी भरवलेल्या किड्यांवर वाढतात.

झाडे मात्र बी टाकून मोकळी होतात, असा आपला समज. तिवर तो खोटा ठरवते. खारट, कोंदट चिखलात कोरड्या बियाचा निभाव लागणे कठीण; म्हणून तिवराचे बी झाडावर असतानाच, फळाच्या सालीआड रुजते. खाली पडते ते बी नव्हे, रोपच! भरती त्याला उचलते, साल गळते, आणि चिखल लाभेल तिथे ते मूळ धरते. पुढे श्वासासाठी पेन्सिलीएवढी मुळे ते चिखलातून वर काढते आणि अंगातले जादा मीठ पानांवाटे टाकते. (हे कसब दयाळाला नाही. समुद्रपक्ष्यांसारखी मीठ गाळणारी ग्रंथी गाणाऱ्या पक्ष्यांत नसते.)

खरा फरक संकटात दिसतो. ढोलीचे झाड तुटले तर दयाळाला भिंतीतले भोकही चालते; म्हणून तर तो शहरातही टिकला. तिवराला अशी सोय नाही. भराव पडला की श्वासमुळे गाडली जातात आणि उभे झाड गुदमरते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली राज्यातील खारफुटीच्या तोडीस व तीवर भराव टाकण्यास मनाई केली आणि २०१८ च्या निकालात ती कायम केली. २०२० साली तिवराच्या शेजारीण पांढऱ्या चिप्पीला राज्याच्या कांदळवन वृक्षाचा मानही मिळाला. पण जिथे बांध घालून खाडीचे पाणी अडवले आहे, तिथे तोड थांबली तरी भागत नाही. बांधात मोरी ठेवून दिवसातून दोनदा भरती आत घ्यावी लागते; तेव्हाच मागची झाडे तगतात आणि त्यांची रोपे बाहेर पडतात.