जॉकीला काटा, पर्यटकाला अंदाज

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर शर्यतीआधी जॉकी आपलं जीन घेऊन काट्यावर उभा राहतो. वजन काटेकोर मोजलं जातं. त्याचा शर्यतीचा थरोब्रेड घोडा साडेचारशे-पाचशे किलोंचा, पाठीवर साठेक किलो, आणि धाव दीड-दोन मिनिटांची. माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर मोटारी थांबतात आणि टट्टूंचं काम सुरू होतं. तिथे गिऱ्हाइकाचं वजन नजरेनंच जोखलं जातं.

टट्टूला किती भार झेपेल याचा खरा हिशेब शिंप्याच्या टेपनंही होतो. पुढच्या पायांमागून, तंग आवळतात तिथून, छातीचा घेर घ्यायचा. मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८०. मापं सेंटिमीटरमध्ये असली की उत्तर अंदाजे किलोमध्ये येतं. घेर १५० आणि लांबी १३५ असलेलं टट्टू सुमारे २५५ किलोंचं भरतं. घोडेस्वारांचा जुना ठोकताळा वजनाच्या पाचव्या हिश्शाचा, म्हणजे ५१ किलो. त्यातून खोगीर-घोंगडीचे सहा-सात किलो वजा केले, की स्वारासाठी उरतात जेमतेम ४५. शाळकरी मुलगा चालेल. त्याचे बाबा बहुधा नाहीत.

हा पाचवा हिस्सा नुसती ऐकीव गोष्ट नाही. अमेरिकेतल्या ओहायोच्या संशोधकांनी आठ घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या १५, २०, २५ आणि ३० टक्के भार चढवून पाहिला. निष्कर्ष २००८ मध्ये छापून आले. वीस टक्क्यांपर्यंत फारसं बिघडलं नाही. त्यापुढे हृदयाचे ठोके वाढले, पाठीचे स्नायू दुखरे आणि ताठर झाले. कंबर रुंद असलेल्या घोड्यांना त्रास कमी झाला. तेव्हा उंची पाहून घोडा निवडण्यात अर्थ नाही.

वजनाइतकंच स्वाराचं बसणंही महत्त्वाचं. घोड्याला गळपट्टीचं हाडच नसतं. त्याची छाती पुढच्या दोन पायांमध्ये स्नायूंच्या झोळीत टांगलेली असते. त्यात दुडक्या चालीत नवखा स्वार धपाधप आदळत असेल, तर क्षणभर पाठीवर त्याच्या दुप्पट वजनाचा दाब येतो. मांड पक्की असलेला ६५ किलोंचा माणूस त्यापेक्षा परवडला.

मालवाहू जनावरांसाठी भारतात १९६५ चे नियम आहेत: टट्टूवर ७० किलो, गाढवावर ५०, खेचरावर २००. पण त्यात टट्टूचं स्वतःचं वजन कुठेच विचारलेलं नाही. सव्वादोनशे किलोंच्या किडमिड्या टट्टूला हा आकडा तिसऱ्या हिश्शाच्या जवळ नेतो.

जाणकार घोडेवाला संध्याकाळी खोगीर उतरवल्यावर आधी पाठ पाहतो. सगळीकडे घाम आणि मधेच एखादा कोरडा चट्टा दिसला, तर बहुधा तिथे खोगीर रुतत असतं. त्या जागेवरून तो बोटं दाबत नेतो. टट्टू अंग चोरून पाठ खाली घेतं का, ते बघतो.