भोकाच्या पावाचे दुकान

दुकान काढायचे मनात आले, की माणसे पाटीचा विचार आधी करतात आणि भट्टीचा मागाहून. खाण्याच्या धंद्यात पुष्कळांचे भांडवल असे पाटीवर, टेबलखुर्च्यांवर नि आरशांवरच संपून जाते. थोड्या पैशांत धंदा कसा उभा राहतो हे ज्यांना पाहायचे असेल, त्यांनी अमेरिका-कॅनडातील बॅगलच्या दुकानांची हकीकत अवश्य ध्यानी घ्यावी.

बॅगल म्हणजे आपल्या कडबोळ्याचा थोरला, पण कढईत कधी न उतरलेला भाऊ! मैदा घट्ट मळायचा, हाताने त्याची कडी वळायची, ती रात्रभर थंडीत मुरू द्यायची, सकाळी उकळत्या पाण्यात मिनिटभर सोडायची आणि मग भट्टीत घालायची. या उकळीनेच सालीला चकाकी येते आणि पाव आतून घट्ट, चिवट राहतो. पोलंडमधील क्राकूव्ह येथील ज्यू समाजाच्या १६१० सालच्या नियमांत याचा उल्लेख सापडतो. पुढे पोटासाठी देशांतर करणाऱ्यांनी तो आपल्याबरोबर न्यूयॉर्कला नि माँट्रियलला नेला.

लुब्लिनहून आलेल्या हॅरी लेंडर याने १९२७ साली अमेरिकेतील न्यू हेवन गावी लहानशी बेकरी सुरू केली. अडचण अशी, की मागणी सारी रविवारच्या सकाळची. आठवडाभर हात मोकळे आणि शनिवारी रात्री श्वास घ्यायला उसंत नाही! त्याच्या मुलांनी पन्नाशीच्या दशकात यावर तोड काढली. आठवड्यात बॅगल भाजून ते गोठवून ठेवायचे. डॅनियल थॉम्पसन याने बॅगल वळण्याचे यंत्र तयार केले, तेव्हा लेंडर बंधूंनी १९६३ साली ते विकत न घेता भाड्याने घेतले. १९८४ मध्ये क्राफ्ट कंपनीने हा कारखाना विकत घेतला.

पण नाण्याची दुसरी बाजूही पाहा. न्यूयॉर्कमध्ये हाताने बॅगल वळणाऱ्या सुमारे तीनशे कारागिरांची एक युनियन होती. तिचे सभासदत्व बापाकडून मुलाकडे जाई. यंत्र आले आणि काही वर्षांतच या कारागिरांचा जोर ओसरला. मग लहान दुकानदाराने काय करावे? उत्तर माँट्रियलने दिले आहे. नाझी छळछावणीतून वाचलेल्या मायर लेवकोविच याने १९५७ साली तेथे सेंट व्हिएटर रस्त्यावर दुकान काढले. मधाच्या पाण्यात उकळलेले, लाकडाच्या भट्टीत भाजलेले बॅगल तेथे आजही हातानेच वळले जातात. १९६२ मध्ये तेथे कामाला लागलेला जो मोरेना हा इटालियन मुलगा पुढे त्या दुकानाचा मालक झाला. कारखान्याशी स्वस्ताईत झुंजू नये, ताजेपणात झुंजावे, हा यातला धडा.

आता हिशेबाकडे वळू. दहा किलो मैद्यात साडेपाच लिटर पाणी, थोडे मीठ, माल्ट आणि यीस्ट घातले, की सुमारे १४० बॅगल होतात. माल स्वस्त आहे. खातात ते भाडे आणि पगार. समजा, भाडे, वीज, पगार आणि कर्जाचा हप्ता मिळून महिन्याला ६,००० डॉलर लागतात. बॅगल दोन डॉलरला विकला आणि त्यात माल, कागद इत्यादी पन्नास सेंटचे असले, तर हाती दीड डॉलर उरतो. म्हणजे महिन्याला ४,००० बॅगल खपले तर कोठे तोंडमिळवणी होणार! पंचवीस दिवस दुकान उघडे धरले, तर रोजचे १६०. दहा किलोची एक खेप येथे अपुरी पडते, हे कागदावरच कळते. दुकान उघडल्यावर कळण्यापेक्षा हे बरे!

म्हणून शहाण्याने जागा घेण्याआधी गिऱ्हाईक जमवावे. परवान्याचे भाड्याचे स्वयंपाकघर तासावर घ्यावे, शनिवार-रविवारच्या बाजारात माल मांडावा, दोन-तीन उपाहारगृहांना रोजचा रतीब लावून द्यावा. सहा महिने खप टिकला, तरच भाडेपट्ट्यावर सही करावी. पूर्वी बेकरी असलेली जागा मिळाली तर उत्तम; वीज, नळ आणि धुराडे यांचा मोठा खर्च वाचतो. भट्टी नि पातेले जुने चालेल. कणीक मळण्याचे यंत्र मात्र दणकट हवे, कारण ही घट्ट कणीक हलक्या यंत्राची मोटार जाळते. आणि शीतपेटीत कंजुषी नको. रात्रीची मुरवण तिच्यावरच अवलंबून!

प्रकार चारच ठेवावेत: साधा, तीळ, खसखस आणि कांदा. कणीक एकच, वरचे शिंपण तेवढे वेगळे. उरलेल्या बॅगलचे पातळ काप करून पुन्हा भाजले, की कुरकुरीत चकत्या होतात. त्याही विकल्या जातात. टेबलखुर्च्या पहिल्या वर्षी नकोतच. गिऱ्हाईकाने गरम पिशवी घेऊन घरी जावे!

तुम्ही म्हणाल, एवढे सारे करून यश येईलच का? तशी हमी कोणत्याच धंद्यात नसते. पण हाती सहा महिन्यांचे भाडे बाजूला ठेवलेले असेल आणि पहाटे तीनला उठण्याची तयारी असेल, तर माणूस पडला तरी कर्जात बुडत नाही. ज्याला पहाटेची झोप प्रिय आहे, त्याने बॅगल विकत घेऊन खावा हेच बरे!