सावलीतला पानओवा आणि फुफ्फुसांचे आरोग्य

खोकल्याची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाला आधी काय उपाय केले हे विचारले की बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. "घरचा काढा चालू आहे, डॉक्टर. दारातच पानओवा आहे." पानओवा लावण्यात काहीच गैर नाही. पण हे रोप फुफ्फुसांसाठी काय करू शकते आणि काय करू शकत नाही, यातला फरक कळला नाही तर आजाराचे निदान लांबते. म्हणून या लेखात दोन्ही गोष्टी पाहू: सावलीच्या जागेत तो कसा लावायचा आणि खोकल्यात त्याच्यावर किती विसंबायचे.

'फुफ्फुसांची वनस्पती' हे नाव कुठून आले?

युरोपात पल्मोनेरिया किंवा लंगवर्ट नावाचे एक बुटके रोप बागेतल्या सावलीत जमीन झाकण्यासाठी लावतात. त्याच्या पानांवर पांढुरके ठिपके असतात. जुन्या काळी तिथल्या वैदूंना ही पाने फुफ्फुसासारखी दिसली, म्हणून ती फुफ्फुसाच्या आजारांवर दिली जाऊ लागली आणि नावही तेच पडले. वनस्पती ज्या अवयवासारखी दिसते त्याच अवयवाला ती बरी करते, अशी तेव्हाची समजूत होती. दिसण्यावरून औषधी गुण ठरत नाही, हे आज आपल्याला माहीत आहे.

हे रोप थंड हवेचे आहे. छत्रपती संभाजीनगरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तिथे ते तग धरणे कठीण. बी मागवून पैसे घालवण्यापेक्षा आपल्याकडचा पानओवा लावा. यालाच ओव्याचे पान म्हणतात आणि याचीच भजी करतात. मसाल्याच्या डब्यातला ओवा ही वेगळी वनस्पती. वास मात्र सारखा येतो, कारण थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल या वासाच्या द्रव्यांचे हे कुटुंब आहे.

सावलीत पानओवा कसा लावावा?

- जागा: सकाळी तीन-चार तास कोवळे ऊन आणि दुपारी सावली मिळेल अशी. घराची पूर्वेकडची बाजू किंवा कडुनिंबाच्या सावलीची कड चांगली. अगदी गडद सावलीत फांद्या लांबट होतात आणि पाने विरळ येतात.
- माती: आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि त्यात मुळे कुजतात. तिच्यात वाळू आणि शेणखत मिसळून जागा थोडी उंच करून घ्या.
- लागवड: बी लागत नाही. वीतभर फांदी तोडून खालची पाने काढा, एक दिवस सावलीत ठेवा आणि मग मातीत खोचा. दोन रोपांत साधारण एक फूट अंतर ठेवा. पावसाळ्याची सुरुवात ही सोयीची वेळ.
- पाणी: वरची माती सुकली की मगच द्या. पाने जाड आणि रसाळ असल्याने एखादा दिवस पाणी चुकले तरी रोप मरत नाही. जास्त पाण्याने मात्र मरते.
- छाटणी: शेंडे खुडत राहा म्हणजे रोप आडवे पसरते. फांद्या ठिसूळ असतात, त्यामुळे येण्याजाण्याच्या वाटेवर लावू नका.

फार दाट वाढू देऊ नका. दाट पसाऱ्यात विंचू-साप दिसत नाहीत, म्हणून त्यात हात घालण्याआधी काठीने हलवून पाहा. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. डेंग्यू पसरवणारा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो.

याचा फुफ्फुसांना खरा फायदा कोणता?

तो पान खाण्यापेक्षा रोप लावण्यात जास्त आहे. उघडी माती झाकली गेली की अंगणातली धूळ कमी उडते. गाजर गवताला वाढायला जागा कमी मिळते. १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नजरेस आलेल्या या गवताच्या परागकणांनी अनेकांना शिंका आणि दमा होतो, आणि ते हाताने उपटल्यास त्वचेला खाज सुटते. ते हातमोजे घालून, फुलण्याआधीच काढावे.

दमा असलेल्यांनी बागकाम करताना आणखी काळजी घ्यावी. अंगण झाडण्याआधी पाणी शिंपडा, कोरडे खत कालवताना मास्क लावा आणि तुमचा इनहेलर जवळ ठेवा. कडुनिंबाचा पाचोळा पेटवू नका, त्याच रोपांभोवती पसरवा. पाचोळ्याचा धूर तुमच्या आणि शेजारच्या दमेकऱ्याच्याही छातीत जातो.

खोकल्यात पानओवा घ्यावा का?

साध्या सर्दी-खोकल्यात मोठ्या माणसाने दोन-चार पाने गरम पाण्यात उकळून घेतली किंवा जेवणात खाल्ली तर सहसा अपाय होत नाही. गरम पाण्याने घशाला आराम मिळतो. पण साधा विषाणूजन्य खोकला बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत आपोआपच जातो. त्या काळात जे काही घेतले असेल, श्रेय त्याला मिळते. म्हणूनच "मागच्या वेळी यानेच बरे वाटले होते" हा पुरावा फसवा ठरतो.

वनस्पतींपासून औषधे मिळत नाहीत असे नाही. कफ पातळ करणारे ब्रोमहेक्सिन हे औषध अडुळशातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरून तयार झाले. पण त्यासाठी द्रव्य वेगळे काढावे लागले, मात्रा ठरवावी लागली आणि तपासण्या कराव्या लागल्या. घरच्या काढ्यात किती द्रव्य उतरले ते मोजता येत नाही.

या गोष्टी टाळा:

- बाळाच्या नाकात किंवा तोंडात पानाचा रस पिळणे. रस श्वासनलिकेत जाऊ शकतो.
- एक वर्षाखालील बाळाला मध चाटवणे.
- लहान मुलाला उकळत्या पातेल्यावर वाफ देणे. त्यात भाजण्याचा धोका मोठा असतो.
- गरोदरपणात अडुळशाचा किंवा इतर कुठलाही काढा डॉक्टरांना न विचारता घेणे.
- काढा सुरू केला म्हणून दम्याचा इनहेलर किंवा क्षयरोगाच्या गोळ्या बंद करणे.

दोन आठवड्यांचा नियम

खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर क्षयरोगाची तपासणी करून घ्या. संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, वजन घटणे, भूक मंदावणे किंवा थुंकीतून रक्त येणे यांपैकी काहीही असेल तर दोन आठवड्यांचीही वाट पाहू नका. बहुतेकांच्या तपासणीत क्षयरोग निघत नाही. दमा, सिगारेट किंवा चुलीच्या धुराने झालेला जुना श्वासविकार, छातीत चढणारे आम्लपित्त, एवढेच काय रक्तदाबाच्या रामिप्रिल, एनालाप्रिल अशा गोळ्यांनीही खोकला टिकतो. पण कारण तपासल्याशिवाय कळत नाही, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. रक्तदाबाची गोळी मात्र स्वतःहून थांबवू नका, डॉक्टर ती बदलून देतात.

क्षयरोग असेल तर वाया गेलेला प्रत्येक आठवडा दोघांना महाग पडतो. रुग्णाचे फुफ्फुस खराब होत जाते, आणि त्याच घरात झोपणाऱ्या नातवंडांपर्यंत जंतू पोहोचतात. घरच्यांनी प्रेमाने दिलेला काढा अशा वेळी नकळत उशिराचे कारण बनतो.

तपासणी आणि औषधे सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात. शहरात घाटी रुग्णालय आणि महापालिकेच्या आरोग्य केंद्रांत जाता येते. नेहमीच्या औषधांना दाद देणाऱ्या फुफ्फुसांच्या क्षयरोगाचा उपचार साधारण सहा महिने चालतो. पूर्ण केला तर आजार बरा होतो. उपचाराच्या काळात पोषणासाठी निक्षय पोषण योजनेतून दरमहा १,००० रुपये मिळतात. माहितीसाठी १८००-११-६६६६ हा मोफत क्रमांक आहे.

तातडीने दवाखान्यात कधी जावे?

- बोलताना वाक्य पुरे होत नाही इतका दम लागत असेल
- ओठ किंवा नखे निळसर दिसत असतील
- छातीत दुखत असेल किंवा थुंकीतून बरेच रक्त येत असेल
- मुलाच्या बरगड्यांखालचा भाग श्वास घेताना आत ओढला जात असेल
- मूल शांत असताना मिनिटाला श्वास मोजा: २ महिने ते १ वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त असतील. दोन महिन्यांखालील बाळाचे ६० किंवा जास्त असतील

पानओवा जरूर लावा, त्याची भजीही करा. फक्त खोकला सुरू झाला त्या दिवसाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. पंधरावा दिवस उजाडला आणि खोकला तसाच असेल, तर त्या दिवशी पाने खुडत बसू नका, थुंकी तपासायला जा.